नांदत्या घरातला कॉम्प्युटर

आमच्या घरात उघडी असतात ती फक्त माणसं. बाकी सगळ्याला कव्हर आहे. फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, वॉशिंग मशीनला आहे, पाण्याच्या फिल्टरला झालरीचं आहे आणि टीव्हीच्या रिमोटला तर दोन आहेत, एक रोजचं आणि एक पाहुणे आले की घालायचं. सगळी आईने शिवलेली. कॉलनीतल्या निम्म्या बायकांना शिवण तिनेच शिकवलं. ब्लाउज शिवून शिवून कंटाळली, तेव्हा ती वस्तूंकडे वळली. वस्तू खांद्यात घट्ट झालं म्हणत नाहीत, असं ती म्हणते.

बाबांचा कारभार याच्या अगदी उलट. आई झाकते, बाबा उघडून बघतात. सरकारी छापखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून केली. छापून आलेल्या कागदातला दोष शोधायचा आणि एकदा नापास केलेला कागद पुन्हा पास करायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर छापखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. आजही ते पापड भाजायच्या आधी उजेडात धरून बघतात. कॉलनीत कुणाला पंखा घ्यायचा असो की गिझर, आधी आमच्या दारात येतात, आणि बाबांनी नाही म्हटलं की ती वस्तू कॉलनीत शिरत नाही. मी लग्न केलं नाही, त्यामुळे या घरातल्या सगळ्या तपासण्यांना मी हजर असते.

गेल्या वर्षी आमच्या विहारातल्या अभ्यासिकेसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. स्पर्धा परीक्षेची मुलं सराव परीक्षा मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर देत होती आणि फॉर्म भरायला कॅफेत ताटकळत होती. कॉलनीने वर्गणी जमवली. बैठकीत विहार कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, माझ्या ओळखीचं दुकान आहे, तिथून उचलू. बाबा सतरंजीवरून उठले आणि म्हणाले, "ओळख दुकानदाराची आहे, मशीनची नाही. आधी तपासणी होऊ द्या." लोकांना ते पटलं. अध्यक्षांना पटलं नाही, पण लोकांपुढे ते काय बोलणार? त्यांनी एवढंच ठरवून घेतलं की पुढच्या बैठकीत बाबांनी एका कंपनीचं नाव सांगायचं. नाही जमलं तर ओळखीचं दुकान.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसते. आमच्या घरात या विषयातलं कुणाला काही कळत असेल तर ते मला, आणि मला कुणी विचारलं नाही. मी दोन दिवस वाट बघितली आणि मग रुसले. माझा रुसवा घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण माझा एरवीचा चेहराही तसाच असतो.

बाबांचा पहिला नियम असा की वस्तू दुकानात बघायची नाही. दुकानात दिवे असतात, गार हवा असते, विकणारा गोड बोलत असतो. वस्तू बघायची तर नांदत्या घरात बघावी, असं ते म्हणतात. म्हणून त्यांनी आधी नात्यागोत्यात कुणाकडे कुठल्या कंपनीचा कॉम्प्युटर आहे ते फोन करकरून विचारलं. त्यातून तीन घरं निघाली. एक सायखेड्याची आत्या, एक चांदवडचे मामा आणि एक इंदिरानगरचे बाबांचे जुने सहकारी. कंपन्यांची नावं मी घेत नाही. कंपन्या मोठ्या आहेत आणि मी नोकरदार. तशीही आमच्याकडे ती नावं कुणी घेतलीच नाहीत. नवी सून जशी काही दिवस गावाच्या नावाने ओळखली जाते, तसे हे सायखेडावाला, चांदवडवाला आणि इंदिरानगरवाला झाले.

तपासणी तीन गोष्टींची. साधेपणा, रूप आणि मोल. मोल म्हणजे नुसती किंमत नाही, हे बाबांनी मला गाडीत समजावून सांगितलं. गाडी मी चालवत होते. सीटला कव्हर होतं. "स्वस्त काय, उकिरड्यावरपण मिळतं," ते म्हणाले. "बिघडल्यावर कोण येतो आणि किती दिवसांनी येतो, ते मोल."

सायखेड्याच्या आत्याकडचा कॉम्प्युटर जुन्या पद्धतीचा होता. उभा काळा डबा वेगळा, पडदा वेगळा, कळफलक वेगळा. आत्याच्या मुलाने द्राक्षबागेच्या कामासाठी घेतलेला. बाबांनी मुलाला बाजूला व्हायला सांगितलं आणि आत्याला पुढे बसवलं. आत्याने उभ्या जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता.

"हा सुरू कर," बाबा म्हणाले.

"दादा, मला नाय जमायचं. काय मोडलं तर?"

"मोडला तर नापास. तू कर."

आत्याने पदर खोचला, डब्याकडे गाईकडे बघतात तसं बघितलं आणि सगळ्यात मोठं बटण दाबलं. सुरू झाला. आत्या म्हणाली, "एवढंच हाय व्हय? हा पोरगा दिवसभर याचंच कवतिक सांगतो." साधेपणात सायखेडावाला पहिल्या नंबराने पास झाला. रूप बघायला बाबा उंबऱ्याबाहेर अंगणात जाऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून आत बघू लागले. रूपात तो काठावर सुटला. मोलाचं विचारल्यावर आत्याचा मुलगा म्हणाला, पिंपळगावचा माणूस मोटरसायकलवर येतो, झाकण काढतो, फुंकर मारतो आणि जातो. बाबांना ही फुंकर फार आवडली.

हे सगळं चाललेलं असताना आई तिथेच होती. ती सोबत म्हणून आली होती. तिच्या पर्समध्ये टेप असतोच. तिने सहज गळ्यात अडकवला, सहज डब्याची उंची घेतली, सहज रुंदी घेतली आणि चहा प्यायली.

चांदवडच्या मामांकडचा कॉम्प्युटर पांढराशुभ्र. त्याला डबाच नाही, सगळं पडद्यातच. तारा नाहीत, पसारा नाही. मामा निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्या घरात शिस्त फार. घेऊन वर्ष झालं तरी त्यांनी पडद्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. "दाजी, काढलं की जुना होतो," ते म्हणाले. त्या प्लास्टिकमधून सगळी अक्षरं धुक्यात उभी असल्यासारखी दिसत होती. रूपात हा एक नंबर, बाबा अंगणात जाऊन उभे राहिले ते पाच मिनिटं आतच येईनात. साधेपणात अडकला, कारण बटण कुठे आहे ते मामींना सापडेना, मग मामांना सापडेना, आणि शेवटी ते पडद्याच्या पाठीमागे खाली सापडलं. मोलाचं असं की एक काही बिघडलं तर अख्खा उचलून नाशिकला न्यावा लागतो. "म्हणजे दाढ दुखली तर माणूस ॲडमिट," बाबा म्हणाले. आईने याची पाठ मोजली.

इंदिरानगरला आम्ही पोचलो तेव्हा पहिली पंधरा मिनिटं कॉम्प्युटर शोधण्यातच गेली. बाबांच्या सहकाऱ्यांनी टेबलावर बोट ठेवलं तेव्हा कळलं, ज्याला आम्ही जेवणाचा डबा समजत होतो तोच तो. बाबांना आधी राग आला. एवढ्याशा वस्तूत दोष शोधायला जागाच नाही, हे त्यांना तपासनिसाचा अपमान करण्यासारखं वाटलं. मग त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, कानाशी धरला. साधेपणात पास, रूपात "बघायला सापडला तर पास," मोलात विचाराधीन. आईने रुमालावर ठेवून त्याचा आकार खडूने आखून घेतला.

परत येताना मी म्हटलं, सायखेडावाला घ्या, विषय संपवा. बाबा म्हणाले, पहिल्या भेटीत माणूस आणि वस्तू दोघंही नीट वागतात. दुसऱ्यांदा जायला हवं. दुसऱ्या फेरीला मी गेले नाही. रिक्षाने जा म्हटलं, इतकी मी रुसले होते. ते एसटीने गेले.

रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आईने तिन्ही घरांसाठी कव्हरं शिवून नेली. ती शिवताना मी बघितली होती, पण आमच्या घरात शिवणाऱ्या आईकडे बघणं म्हणजे फिरत्या पंख्याकडे बघणं. बाहेरून निळं पडद्याचं कापड, आतून फोम, कडेला पांढरी गोट. लोक कव्हर काढतात आणि परत घालत नाहीत, ही आईची जुनी तक्रार. म्हणून या वेळी तिने डोकं लढवलं होतं. सायखेड्याच्या डब्याला झगा, त्याला पुढून बटणापुरती खिडकी. चांदवडवाल्याला डोक्यावरून पाठीवर उतरणारं कुंचीसारखं टोपडं, पडदा तेवढा मोकळा. इंदिरानगरवाल्याला नाडीची पिशवी, तारा बाहेर काढायला दोन काजं. मशीन चालू असतानाही कव्हर अंगावरच राहील, काढायची गरजच पडणार नाही. आई सहसा स्वतःचं कौतुक करत नाही, पण या खिडकीविषयी ती आठवडाभर बोलत होती.

मग ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि फोन यायला लागले.

पहिला सायखेड्याहून. सकाळी लावला की दुपारच्या जेवणापर्यंत नीट चालतो आणि मग आपोआप बंद पडतो. बाबांनी फोन ठेवला आणि "सायखेडावाला नापास" असं जाहीर केलं. चांदवडहून मामा म्हणाले, पेपर वाचून होतो न होतो तोवर हा मान टाकतो. चांदवडवाला नापास. इंदिरानगरचे सहकारी म्हणाले, चहा उकळेपर्यंतसुद्धा थांबत नाही हो. तोही गेला. बाबा खुर्चीत मागे टेकून बसले. तिन्ही कंपन्या एकदम बाद होणं म्हणजे त्यांच्या मते देशाचं काहीतरी चुकत होतं. "हल्ली माल बनवतच नाहीत," ते म्हणाले. आई म्हणाली, "बघा, कव्हर घालूनसुद्धा."

बैठक पुढच्या रविवारवर आली होती. सांगायला एकही नाव नव्हतं. अध्यक्ष रस्त्यात भेटले की हसून जय भीम घालायचे, आणि ते हसू बाबांना झोंबायचं. ज्या माणसाच्या शब्दावर कॉलनी पंखे घेते, त्याने उठून मला जमलं नाही म्हणायचं, या विचारानेच त्यांचं जेवण सुटलं. मला त्यांची दया यायला लागली आणि त्यामुळे माझा रुसवा बिघडला.

त्या आठवड्यात कचेरीच्या कामाने मी सायखेड्याला गेले आणि जेवायला आत्याकडे थांबले. कॉम्प्युटर तिथेच भिंतीशी होता, निळा झगा घालून, खिडकीतून बटण बाहेर काढून. त्याचा पंखा आत इतका घरघरत होता की मला वाटलं गिरणी चालू आहे. मी झग्याखाली हात घातला आणि काढला. पोळी टाकता आली असती.

"आत्या, हे कव्हर चालू असताना काढत नाही तुम्ही?"

"काढायचं कसं गं? वहिनीनं लय जीव लावून शिवलंय. उघडा ठेवला आन् वहिनी आली म्हंजी?"

मी कव्हर काढलं. जेवले, झोप काढली, चहा घेतला. डबा बंद पडला नाही. चांदवडला आणि इंदिरानगरला तिथूनच फोन लावले. टोपडं काढा, पिशवी काढा म्हटलं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दोघांचे निरोप आले होते. तिन्ही कॉम्प्युटर ठणठणीत होते. त्यांना फक्त उकडत होतं.

मी हे जेवताना सांगितलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सांगितलं. "तिन्ही कंपन्या चांगल्या आहेत. आईने गुदमरवल्या." बाबांचा घास हातातच राहिला. आईने ताटं उचलली, भांडी घासली, आणि मग ती घरभर फिरून एकेक कव्हर काढायला लागली. फ्रिजचं, मिक्सरचं, फिल्टरचं. रिमोटची दोन्ही. सगळ्यांच्या घड्या घालून तिने त्या पेटीत टाकल्या आणि वरून टेप ठेवला. घर बदलायच्या आदल्या दिवशी दिसतं तसं आमचं घर दिसायला लागलं. सकाळी मिक्सरकडे बघवेना. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि बाबांना त्याहून जास्त वाटलं असावं, कारण त्यांनी दिवसभर एकाही वस्तूत दोष काढला नाही.

आता पंचाईत अशी झाली. बैठकीत बाबांनी तिन्ही नापास म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं आणि अभ्यासिकेला ओळखीच्या दुकानातला माल आला असता. तिन्ही पास म्हटलं असतं, तर नापास केलेलं पास कसं झालं, हे सगळ्यांनी विचारलं असतं. नापासाची बातमी कॉलनीभर झालीच होती. आणि खरं कारण सांगायचं म्हणजे, जिने कॉलनीतल्या निम्म्या घरांतल्या फ्रिजांना कपडे घातले तिचं भर विहारात हसं करायचं. मी बाबांना म्हटलं, नुसतं एक नाव सांगा आणि बसा. ते म्हणाले, "कारण न देता शेरा देता येत नाही."

रविवारी वंदना झाली आणि बैठक बसली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आई भिंतीला टेकून मागे बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, "तपासनीस, तिन्ही नापास असं ऐकतो. खरं का?"

बाबा उठले. "तिन्ही चांगले आहेत," ते म्हणाले. "चूक माझी झाली. मशीन चालू असताना त्यांना कव्हर घालून ठेवायला मी सांगितलं. आत उष्णता कोंडली आणि ती बंद पडली. दोष तपासणीत होता, मालात नव्हता."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही सांगितलंत? कव्हर घालायला?"

"हो. मीच सांगितलं. धूळ बसू नये म्हणून."

माझे बाबा खोटं बोलत होते. कागदावरचा केसाएवढा डाग न सोडणारा माणूस भर विहारात, सतरंजीवर उभा राहून, सरळ खोटं बोलत होता, आणि त्यांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. लोक हसत होते ते त्यांना, आणि ते मान खाली घालून हसू घेत होते.

तेवढ्यात मागून आई उठली. ती बैठकीत कधी बोलत नाही.

"यांनी काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "कव्हरं मी शिवली, माझ्या डोक्याने शिवली. चालू मशीनला घालायची नसतात हे मला माहीत नव्हतं. आता कळलं." बाबा तिला हाताने बस बस करत होते. ती बसली नाही. "पण एक सांगते. यांनी चहा पीत पीत अंगणातून बघून तपासणी केली. त्यात तिन्ही एकसारखेच निघाले असते. खरी तपासणी माझ्या कव्हरांनी केली. एकाने चहा उकळेपर्यंत दम धरला, एकाने पेपर वाचेपर्यंत, आणि सायखेड्याच्याने फोमच्या झग्यात, ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळपासून जेवणापर्यंत काम केलं. इथे पोरं दिवसभर बसणार, पंखा एकच, वर पत्रा. ज्याने जास्त सोसलं तो घ्या."

विहारात कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी बाबांकडे बघितलं. बाबा आईकडे बघत होते. बराच वेळ बघत होते, उजेडात धरून बघतात तसे, आणि त्यांना काही सापडलं नाही.

"पास," ते म्हणाले.

सायखेडावाले कॉम्प्युटर आले. विहाराशेजारी सिमेंटच्या रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळे कव्हरं लागणार होतीच. ती आईने शिवली, या वेळी बिनखिडकीची, म्हणजे घातलेली असताना कुणाला मशीन सुरूच करता येऊ नये. ती सकाळी काढायला आणि रात्री घालायला भरवशाचा माणूस हवा होता. कमिटीने एकमताने बाबांना नेमलं. ते रोज जातात, आईने शिकवली तशी चौपदरी घडी घालतात आणि गोट बाहेरच्या बाजूला येईल असं बघतात. आमच्या मिक्सरला बैठकीच्याच रविवारी संध्याकाळी कपडे मिळाले.

कॉलनीतले लोक अजूनही आमच्या दारात येतात. परवा एक जण कूलरचं विचारायला आले. बाबांनी त्यांना बसवलं, साधेपणाचं विचारलं, रूपाचं विचारलं, मोलाचं विचारलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थांबा जरा. माझं झालं. आता खरी तपासणी." आणि त्यांनी आत हाक मारली. आई टेप गळ्यात अडकवून बाहेर आली.